गोल सह्या

"काका, तुम्ही पिऊन आलाय का?"

प्रश्न तिचा नव्हता. मागच्या बाकावरून तो चिठ्ठीत घडी होऊन आला होता आणि खाली लिहिलं होतं, 'हिंमत असेल तर विचार, तोफ.' तोफ हे नाव तिला दीड महिन्यापूर्वी, वक्तृत्वात पहिली आली तेव्हा मिळालं. त्याआधी चार वर्षं वर्गाला ती बसते कुठे हेही धड माहीत नव्हतं. आता ती बोलायची, आणि कुणी हसलं की आणखी बोलायची.

बाई हजेरीपट आणायला गेल्या होत्या. प्रयोगशाळेचे काका परीक्षानळ्या पुसून स्टँडमध्ये लावत होते. त्यांचे हात थरथरत होते. गेले पंधरा दिवस थरथरतच होते. त्यांनी फडकं खाली ठेवलं, चष्मा कपाळावर सरकवला.

"जवळ ये," ते म्हणाले. "वास घे, आणि तूच सांग ह्यांना."

ती गेली. त्यांच्या तोंडाशी नाक नेलं. खोकल्याच्या गोळीचा वास होता. दुसरा कसलाही नव्हता.

"सांग की."

ती वर्गाकडे वळली. सदतीस चेहरे, सगळे हसायला टपलेले. तिनं दोन बोटांनी नाक दाबलं.

एकच हशा पिकला. कॅप्टन तर हसता हसता स्टुलावरून घसरली. ती व्हॉलीबॉलची कॅप्टन, पण वर्गही तीच चालवायची. काकासुद्धा जरासे हसले. "नाटकात जा तू," म्हणाले आणि स्टँड उचलायला वळले. तो हातातून निसटला. काचा त्यांनी स्वतःच गोळा केल्या.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत अर्ज फिरला. अर्जाची ह्या वर्गाची एक रीत होती. पंखा बंद असो, सहल रद्द झालेली असो, सह्या एकाखाली एक करायच्या नाहीत. कंपासनं मोठं वर्तुळ काढायचं आणि त्याच्या कडेनं सगळ्यांनी सह्या करायच्या. म्हणजे पहिली कुणाची ते कळत नाही, आणि ऑफिसात नेऊन झापायला कुणी एक सापडत नाही. डोकं कॅप्टनचं.

"तुझी जागा राखून ठेवलीय," कॅप्टन म्हणाली.

तिनं सही केली. झोकात, खाली दोन रेघा मारून. मग वाचायला घेतलं. काका दारू पिऊन येतात, असं लिहिलं होतं. चौथी ओळ होती, 'आमच्यापैकी एका विद्यार्थिनीने जवळून वास घेऊन खात्री केलेली आहे.'

"हे काढ," ती म्हणाली.

"का?"

"मी नुसतं नाक दाबलं होतं."

"अगं, तेच ना. सगळ्यांनी बघितलंय." कॅप्टननं कागद तिच्या हातातून घेतला. "आणि आता खाडाखोड केली तर सगळ्यांच्या सह्या परत घ्याव्या लागतील. बेल होईल इतक्यात."

बेल झाली. तोफ आपल्या बाकावर जाऊन बसली.

शुक्रवारी प्रयोगशाळेत दुसराच माणूस होता. बाईंनी एवढंच सांगितलं, सोमवारी चौकशी समिती बसेल, तोवर काकांना शाळेत यायला मनाई आहे, आणि नोकरी टिकेल असं काही दिसत नाही. मग त्यांनी फळ्यावर तारीख लिहिली. खुंटीवर काकांचा ॲप्रन तसाच लटकत होता. खिशातून खोकल्याच्या गोळ्यांचं पाकीट अर्धं बाहेर आलं होतं. कॅप्टननं मागून पाठीवर थाप मारली. "तोफ, तू नसतीस तर जमलं नसतं हं."

तिला वाटलं, आता रडू येईल. तिनं वाट बघितली. आलं नाही. पेन्सिलीचं टोक तळहातात रुतवून बघितलं. टोचतंय एवढं कळलं, दुखलं नाही.

संध्याकाळी आई मशीनवर गणवेशाचे शर्ट शिवत होती आणि बाबा इस्त्रीची वायर जोडत होते. दोघांसमोर उभं राहून तिनं सगळं सांगितलं. हातवारे नाहीत, आवाजात चढउतार नाही, जणू दुसऱ्याच मुलीचं सांगत होती.

"सह्या सगळ्यांनीच केल्यात ना?" बाबांनी वर न बघता विचारलं. "मग तू एकटीनं कशाला पुढे व्हायचं?"

"प्रॅक्टिकल दोन महिन्यांवर आलंय, बाई माझे," आई म्हणाली. "आणि त्या पोरी उद्या तुला जवळ तरी उभं करतील का? आत्ता कुठे चार मैत्रिणी झाल्यात तुला."

"नाही करणार."

"म्हणजे सदतीस पोरं खोटी आणि तू तेवढी खरी?"

"त्यांना माहीतच नाही, बाबा. वास मी घेतला होता."

आईचा पाय मशीनच्या पायट्यावर थांबला. बाबांनी पक्कड खाली ठेवली.

"सोमवारी समितीला मी माझा अर्ज देणार आहे," ती म्हणाली. दप्तरातून वहीचा फाडलेला कागद काढून तिनं मशीनवर, शर्टाच्या बाहीशेजारी ठेवला. पाचच ओळी होत्या. आईनं तो उचलून दिव्याखाली धरला, पालथा करून मागची बाजूही बघितली.

"ह्याच्यावर सह्या कुणाच्या?"

"एकच आहे," ती म्हणाली. "तिचा गोल होत नाही."