न फाटलेल्या चिठ्ठ्या

वरून हुकूम आला म्हणून मॅनेजरसाहेबांनी शिवणखात्यातल्या बायकांच्या बाथरूममध्ये पोस्टर लावलं. ‘घरी मारहाण होते? फोन करा.’ खाली फोन नंबर लिहिलेल्या वीस चिठ्ठ्या, एकेकीने फाडून न्यायला.

लादी पुसताना मी रोज बघायचे, वीसच्या वीस जागेवर! कोण फाडणार? घरात पाऊल टाकलं की नवरा नाहीतर सासू पर्स उलटी करते, मोबाईल चाळते. फक्त त्या पोस्टरसमोर हात धुवायला हल्ली प्रत्येकीला फार वेळ लागायचा.

सहा महिन्यांनी साहेब खूश होऊन म्हणाले, "एकही चिठ्ठी गेली नाही. आपल्याकडच्या बायका सुखात आहेत बरं का! मावशी, काढून टाका ते."

मी टाकलं. कचऱ्याची गाडी निघून गेली आणि साहेब कागद नाचवत खात्यात आले. "अहवालात त्या पोस्टरवरचा नंबर लिहायचा राहिला हो! कोणाला आठवतोय का?"

सगळी मशिनं थांबली.



मान वर न करता चाळीस बायकांनी एका सुरात दहाही आकडे म्हटले.