बुरुजातली बाई

"सही नको करू, माय," हेमकांत म्हणाला.

जमनाबाईने कागद मांडीवर ओढला. गढी कधीच गेली होती, एक बुरूज तेवढा उरला होता आणि तो तिच्या सातबाऱ्यावर होता. तिच्या सहीशिवाय पुरातत्त्ववाल्यांना त्याचं ढेकूळही हलवता येत नव्हतं.

"का बरं नको?"

"हाडं नही निंघनी तं? मंग गावमा कसं तोंड दाखाडानं?"

"निंघतीन."

गढी बांधताना हा बुरूज तीनदा ढासळला. शेवटी याच घराने आपली थोरली वहू त्यात जिवंत चिणून दिली, तेव्हा तो उभा राहिला. ही गोष्ट गावात रांगत्या पोरालाही ठाऊक. तेव्हापासून दसऱ्याला बुरुजाची पहिली ओटी या घरची. ती भरल्याशिवाय गावात कोणी कोणाला आपट्याचं पान देत नसे. बुरुजाला लिंपायचं, बुजवायचं ते याच घरच्या माणसाने. बाहेरच्याचा हात चालत नसे.

यंदा ग्रामसभेत नवनीत पाटील उठला आणि म्हणाला, "जमनाभाभी, तठे बाई नही, नुसती माटी शे. मान आते फिरता करा." लोक हसले. जमनाबाई हसणाऱ्यांची तोंडं मोजून घरी आली आणि तिने स्वतःच अधिकारी बाईंना बोलावणं धाडलं.

"देऊन टाक ना मान नवनीतकाकाले," हेमकांत म्हणाला. "एक ओटी शे. काय मोठं?"

"तुन्हा बापले छाती व्हती. तुले नुसता शर्टना खिसा शे."

तिने वाकड्यातिकड्या अक्षरांत सही ठोकली.

अधिकारी सुनिता मॅडम ओट्यावर बसल्या होत्या. रुपाने चहा आणला. जमनाबाईने कपात पाहिलं.

"हाऊ चहा शे का भांडा धोयेल पानी?"

"ह्या सूनबाई का?" मॅडमनी विषय बदलला.

"दुसरी. ब्राह्मणपुरीनी." जमनाबाईने रुपाकडे न बघता सांगितलं. पहिली ममता. धाब्याच्या छतावरून मिरच्या उतरवताना पडली, तिला नंदुरबारला नेऊन पायात स्टीलची पट्टी बसवून आणली. इतकं केलं, तर एक दिवस घर सोडून गेली. "सहा स्क्रूना पाय, तरी पळी गई! तिन्हा भाऊ दोनदा उना विचाराले. याच ओटावरथून हाकली दिना. म्हटलं, तुन्ही बहीण तू धुंड."

रुपा कप घेऊन आत गेली. सात वर्षं ती हे ऐकत होती.

नवनीत पाटील हुशार माणूस. तो म्हणाला, खणायच्या आधी बुरुजात कोणी कुठली तरी हाडं आणून टाकायला नकोत. त्याने दोन माणसं पहाऱ्याला बसवली. सकाळी गावभर झालं, की हेमकांत फावडं घेऊन तिकडे गेला होता आणि पहारेकऱ्यांनी त्याला चहा पाजून परत पाठवला.

जमनाबाईने त्याला भर अंगणात गाठलं. "तठे कसाले गयथा?"

त्याने फावडं भिंतीला टेकवलं.

"हाडं टाकाले? मन्हा शब्दवर भरोसा नही तुले?" तिने पायातली चप्पल काढली, मग लोक बघताहेत म्हणून पुन्हा घातली. "अशा पोऱ्यापेक्षा वांझ ऱ्हाती तं बरं व्हतं."

मॅडमनी जुन्या चिऱ्यांना हात लावला नाही. डागडुजी झालेली बाजू तेवढी उघडायला घेतली.

"ही मन्हा हेमकांतनी बांधेल शे," जमनाबाई नवनीतला ऐकू जाईल अशी बोलली. एका पावसाळ्यात कड ढासळली, तेव्हा एकही मजूर न लावता लेकाने ती दोन दिवसांत उभी केली होती. अन्नाला शिवला नव्हता. खिसा की छाती, ते त्या दिवसापुरतं तिने विसरायचं ठरवलं.

हेमकांत लिंबाखाली बसून राहिला. त्याने डबाही उघडला नाही.

दुपारी मजूर थांबला. "मॅडम, हाड शे."

आधी हात निघाला, हिरव्या बांगडीच्या तुकड्यांसकट. मग कवटी. नवनीत पाटलाने डोक्यावरची टोपी काढली. बायका ओट्या घेऊन धावल्या. जमनाबाईच्या पाया पडायला रांग लागली आणि तिने एकेकीला नीट वाकू दिलं. नवनीत आला तेव्हा तिने पाय जरा पुढेच केले.

"पाही ले," ती रुपाला म्हणाली. "वहू असावी तर अशी. भिंतमा चिणी तरी तोंडमाथून शब्द नही. नही तं तू, मीठ कमी पडनं म्हटलं तं रडस."

"आजी, घाई नको," मॅडम खड्ड्यातून म्हणाल्या. "अजून पाय मोकळे व्हायचेत."

"पाय कसाले? आते लिखी ल्या." तिने पंच म्हणून आलेल्या पोलीस पाटलाला, दोधूला, पुढे ओढलं. "लिख, दोधू. सगळा गावसमोर सांगस. आम्हनाच घरनी वहू शे ती! आम्हीच चिणी!"

दोधूने लिहिलं. जमनाबाईने खाली तेवढ्याच ठसक्यात सही केली.

लिंबाखाली हेमकांत उठून उभा राहिला.

मॅडमनी ब्रशने नडगीवरची माती झाडली. खाली पट्टी चकाकली. सहा स्क्रू होते.