शंभरात शून्य

फेरिदुनसाहेबांनी तिसरा चहाही नको म्हटलं, तेव्हा झेकेरिया वस्तादाच्या मनात पाल चुकचुकली. चहा नाकारणारा पाहुणा गावात याआधी एकदाच आला होता, आणि तो जप्तीवाला निघाला होता.

हा अंकाऱ्याहून आला होता, टोकदार बूट घालून. कार्डावर नुसतं नाव आणि फोन नंबर. माणूस करतो काय, याचा पत्ता नाही. त्यानं एक फोटो काढून वस्तादापुढे सरकवला. बंदुकीच्या पोलादावर क्रमांक बावीसशे सोळा, आणि शेजारी लावा पक्ष्याचा बारीक ठसा.

“ही कुणी जुळवली?”

“मी,” वस्ताद म्हणाला. दुसरं काही म्हणायची सोयच नव्हती. ठसा त्याचा होता.

गावात घरटी शिकारीच्या बंदुका बनत आणि सोसायटीमार्फत अमेरिकेला जात. प्रत्येक वस्तादाचा ठसा वेगळा. एखाद्याची एक जरी बंदूक खोटी ठरली, तर त्याचा ठसा ऐरणीवर ठेवून सगळ्यांदेखत चपटा करायचा, असा गावचा रिवाज. मग त्या माणसानं जन्मभर लाकडी दस्ते घासायचे. शेजारचा हमदी अकरा वर्षं घासत होता. बोलायचा कमी.

फेरिदुनसाहेबांचा प्रश्न सरळ होता: ही बंदूक अडकते का? सरळ प्रश्नानंच वस्ताद जास्त बिथरला. पाहुण्यानं माझीच एखादी बंदूक समोर उडवून बघावी, असं त्यानं सांगून टाकलं. उद्या सकाळी, कोरड्या ओढ्यात.

सोसायटीचा चिटणीस जेवदेत वस्तादाला बाजूला घेऊन गेला. अमेरिकन लोक काय लिहितात ते जेवदेत रोज फोनवर वाचायचा आणि रोज त्याला जेवण जायचं नाही. ‘तुर्की बंदूक जरूर घ्या, तंबूची खुंटी म्हणून उत्तम.’ ‘माझी दोनदा उडाली, दोन्ही वेळा जिन्यावरून पडली होती.’ ज्यांनी ती हातातही धरली नव्हती, ते सगळ्यांत लांब लिहायचे.

“काका, जरा नमतं घ्या,” जेवदेत म्हणाला. “शंभरात दोन-चार अडकतात म्हणा. कुणाच्या अडकत नाहीत? असं म्हणणारा माणूस खरा वाटतो.”

“शंभरात शून्य.”

“अहो, पण...”

“शून्य.”

घरी बायकोनं, नाजियेनं, ताकाचा पेला पुढे ठेवता ठेवता निकाल दिला, की हा इटलीच्या कारखानदारांचा हेर आहे. इतके टोकदार बूट इमानदार माणूस घालत नाही. न्हाव्याच्या मते तो सरकारचा होता. इमामसाहेबांनी मत दिलं नाही, पण त्या रात्री त्यांनी आपली मोटरसायकल आत घेतली.

सकाळी ओढ्यात अर्धा गाव जमला. फेरिदुनसाहेबांनी काडतुसं स्वतःची आणली होती, बाजारातली सगळ्यांत हलकी; हलक्या काडतुसानं बंदूक लवकर अडकते. बंदूक पाच बारांची, चाप ओढत राहायचं. शंभर बार उडाले. मग त्यांनी तिच्यात वाळू टाकायला सांगितली. उडाली. चिखल. उडाली. शेवटी ती विहिरीत बुडवून काढली, आणि पाणी गळत असतानाच हमदीनं बार काढला. अकरा वर्षांत तो पहिल्यांदा हसला.

वस्तादाला एकच गोष्ट खटकत होती. खोट शोधायला आलेल्या माणसाचं तोंड दर बाराला पडायला हवं. यांचं खुलत होतं.

“इतकी चांगली, तर मग इतकी स्वस्त का?” त्यांनी विचारलं.

“बंदूक स्वस्त नाही साहेब. आम्ही स्वस्त आहोत.”

त्यांनी ते वहीत टिपून घेतलं. मग पेन थांबवून, अगदी सहज विचारल्यासारखं, “आणि समजा, ती उडू नये अशीच एखाद्याची इच्छा असली तर?”

मागून नाजिये खाकरली. हा सापळा होता, एवढं वस्तादालाही कळलं. कशाचा ते कळेना. त्यानं नीट विचार करून उत्तर दिलं. “मग चाप ओढू नये. दुसरा उपाय आमच्याकडे नाही.”

साहेबांनी हे वाक्य शब्दन् शब्द उतरवलं आणि वाचूनही दाखवलं. पाठोपाठ बॅगेतून छापील कागद निघाला. क्रमांक बावीसशे सोळा ही बंदूक, तिच्यासारख्या सगळ्या बंदुकांप्रमाणे, चाप ओढला की उडतेच, आणि बनवणाऱ्याला हे पहिल्यापासून ठाऊक आहे. जेवदेतनं कागद तीनदा वाचला, उजेडात धरला, उलटाही करून पाहिला. सगळं गावाच्याच बाजूचं लिहिलेलं बघून तो जास्तच घाबरला. दोन दिवस जाऊ द्या काका, म्हणाला.

वस्तादानं सही केली. खाली, कुणी मागितलं नसताना, ‘शंभरात शून्य’ असंही लिहिलं.

फेरिदुनसाहेबांनी शाई वाळेपर्यंत फुंकर मारली, कागद बॅगेत ठेवला आणि वस्तादाचा हात दोन्ही हातांत घेतला.

“मी वकील आहे, वस्ताद. माझे अशील अमेरिकेत, टेनेसीत राहतात. तुमची बंदूक उडत नाही, अशी तिची तिकडे ख्याती. त्या भरवशावर त्यांनी ती घेतली आणि मेव्हण्याच्या लग्नात, चार लोकांना हसवावं म्हणून, सासऱ्यांच्या कोऱ्या मोटारीवर रोखून चाप ओढला. ती उडते हे ठाऊक असून तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत, तेव्हा मोटारीची भरपाई आता तुमच्या सोसायटीकडून घ्यायची आहे.”

वस्तादानं आपला हात सोडवून घेतला. मग त्याला राहवेना.

“उडाली?”

“पाचही बार,” वकीलसाहेब म्हणाले. “पहिला चुकून उडाला असेल, असं त्यांना वाटलं.”