पाच पायांचा जिराफ

"बाळाला जरा जवळ धर गं, नीट दिसंना," आई म्हणाली.

तनुजानं उलट बाळाला खाली मांडीवर घेतलं. "दिसायचं असेल तर इथं यायचं. मलावीतनं काय दिसणार?"

मोबाइलमध्ये आई-पप्पा शेजारीशेजारी बसले होते. पाठीमागं नेहमीचा पिवळा पडदा. त्यावर हातानं रंगवलेले जिराफ, त्यातल्या एकाला पाच पाय. दर रविवारी चर्चहून आल्यावर हा फोन यायचा, आणि दर रविवारी तनुजा आईच्या चेहऱ्याऐवजी त्या पाचव्या पायाकडं बघत बोलायची.

"अगं, इथली लेकरंसुद्धा..."

"इथली लेकरं, तिथली लेकरं! माझं बाळंतपण सासूनं केलं, आई. बाप्तिस्म्याला पाळकसाहेबांनी विचारलं, आजी-आजोबा कुठं आहेत? मी म्हटलं, देवाच्या कामातनं त्यांना सवड नाही."

पप्पा हसले. "पाळकसाहेबांना माझा सलाम सांग. आणि फार ओरडू नकोस, दूध आटतं."

"हसू नका. आई किती वाळलीय ते बघा. काय खायला घालतात तुमचे मिशनवाले?"

"वय झालं," आई म्हणाली. "मला सगळं मानवतंय."

"मग तिथंच राहा. परत येऊ नका. पुढच्या रविवारी फोनही करू नका."

तिनं फोन बंद केला.

दोन वर्षांपूर्वी तिचे आई-पप्पा, म्हणजे आनंदराज सर आणि बाई, दोघंही शाळेतून निवृत्त झालेले, आफ्रिकेत मलावीला सेवेला निघाले, तेव्हा नांदेडच्या मंडळीनं हार घालून, बँड लावून त्यांना स्टेशनवर सोडलं होतं. बायका पदर डोळ्याला लावत होत्या. तनुजा रडली नव्हती. ती वाट बघत होती.

मिशनचा नियम तिला पाठ होता. पाठवायचं तर जोडपं. एक तपासणीत नापास झालं, की दोघंही घरी. आणि आईचं रक्त तनुजानंच, ती काम करायची त्या दवाखान्याच्या लॅबमध्ये, तपासलं होतं. आई दुसरीकडं हात पुढं करायचीच नाही. "माझ्या तनूचा रिपोर्ट म्हणजे शुभवर्तमान," असं मंडळीत सांगत फिरायची. पप्पांचंही तेच. शिकत असताना तनुजानं पहिली सुई त्यांच्याच बोटाला टोचली होती. त्यांनी बोटावर फुंकर मारली होती आणि म्हणाले होते, "एक थेंब सरकारचा, बाकी माझ्या बापाचा!"

मशीननं आईचं क्रिएटिनिन ०.९ दाखवलं, म्हणजे मूत्रपिंडं ठणठणीत. तनुजानं ३.९ टाइप केलं, सही केली आणि लिफाफा चिकटवून मिशनच्या मुंबईच्या ऑफिसला पाठवला. मूत्रपिंडं निकामी होत चाललेल्या बाईला कुणी मलावीला नेत नाही. आई घरी परतली की महिन्याभरानं पुन्हा तपासायचं, आकडा सुधारला म्हणायचं. सगळं ठरवून ठेवलं होतं.

पण मुंबईहून आईचा फोन आला. "निघतोय गं आम्ही. देवाची इच्छा."

म्हणजे लिफाफा कुणी उघडलाही नव्हता. तनुजाला स्वतःच्या खोटेपणापेक्षा त्याचाच जास्त संताप आला. पासष्टी ओलांडलेल्या बाईला सातासमुद्रापलीकडं न्यायचं, आणि तिच्या रक्तात काय आहे ते बघायचंही नाही?

या रविवारच्या फोननंतर गुरुवारी तिला सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या तपासणीसाठी किनवटच्या पुढं, जंगलातल्या एका वसतिगृहावर पाठवलं. मुदखेड ओलांडल्यापासून ती मिशनला शिव्या घालत होती. गाडीतून उतरताना ड्रायव्हर व्यंकटी म्हणाला, "म्याडम, सुई जरा हळू मारा. लेकरं हायती ती, मिशनवाले न्हाईत."

ओसरीवर रांग लागली. चौथ्या मुलीनं न सांगता डाव्या हाताचं बोट पुढं केलं, त्यावर फुंकर मारली आणि डोळे गच्च मिटून म्हणाली, "एक थेंब सरकारचा, बाकी माझ्या बापाचा!"

तनुजाची सुई थांबली.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"आजानं. सुई आली की म्हनायचं, मंग दुखत न्हाई."

"कुठला आजा?"

"आमचा," मुलगी म्हणाली. एवढंही कळत नाही, अशा नजरेनं तिनं तनुजाकडं पाहिलं.

तनुजानं राहिलेल्या सगळ्या मुलांचे थेंब घेतले. एकही नळी इकडची तिकडं झाली नाही. मग ती स्वयंपाकघरात गेली. तिथल्या स्वयंपाकीण धोंडाबाई चुलीपुढं भाकरी थापत होत्या.

"आजा कुठं आहेत?"

"दोघं बी गेले की सकाळीच बाजारला. नांदेडची गाडी येनार कळलं की त्यांना बाजार आठवतोय. दोन वर्सं झालं बघून राहिले मी." धोंडाबाई हसल्या. "बसा, तोंड लई उतरलंय तुमचं. दोन घास खा."

पलीकडच्या खोलीच्या खिडकीला पिवळा पडदा होता. वाऱ्यानं तो फुगला आणि पुन्हा सपाट झाला. तनुजानं उभ्याउभ्या जिराफाचे पाय मोजले. मग पुन्हा मोजले. पाचच होते.

ती खाली बसली. काहीतरी करायचं म्हणून तिनं हाताजवळच्या छोट्या पातेल्यातलं वरण वाटीत घेतलं आणि घोट घेतला. पाणीच. मीठ नाही, कसली चव नाही.

"अवो, ते नका घेऊ!" धोंडाबाईंनी पातेलं मागं ओढलं. "ते आजीचं हाय. तिला मीठ चालत न्हाई, दाळ बी मोजून चार दाने. किडनी गेली म्हनं. त्यापायी परदेशात न्हाई नेलं त्यांना, मंग मिशननं हितं ठेवलं. नांदेडला बी जात न्हाईत. आपल्या रिपोर्टानं आईबाप अडले म्हून लेक जिवाला लावून घेईल म्हनती. मी किती येळा म्हनलं, किनवटच्या दवाखान्यात एकदा पुन्हा रगत दाखव. तर म्हनती, कशाला? माझ्या लेकीचं कधी चुकत न्हाई."