तळाचा खण

कामाच्या दारात हत्यारांची गाडी थांबली की लागेल ते हत्यार असलेला खण आपोआप पुढे सरकायचा. गाडी कधी चुकत नसे. आज वासंतीकाकूंच्या दारात मात्र एकही खण हलला नाही.

पुंडलिक प्लंबरनं खणांवर थाप मारून पाहिली. मागे एका घरी असंच झालं होतं, तेव्हा दार उघडायला आत कुणी जिवंत उरलंच नव्हतं.

"अगं बये, काका गेल्यापासून काकू एकट्या, अन् यांचा नळ सारखा ऐन जेवणाच्या वेळी बिघडतोय. पाना तरी दे!" तो गाडीवर खेकसला.

तो तसाच जिन्याकडे धावणार, तोच तळाचा खण हळूच पुढे आला. त्यात त्याचा जेवणाचा डबा होता.

"मेल्या, खाली काय करतोस?" वरून काकू ओरडल्या. "नळ गळून घर बुडायला आलं!"

"आलो काकू, हत्यार सापडलं," म्हणत पुंडलिकनं डबा उचलला.