मास्कबुवा

ब्लास्टिंगचं, म्हणजे वाळूच्या माऱ्यानं लोखंडाचा गंज उडवायचं काम त्यानं बावीस वर्षं केलं, पण मास्कशिवाय एक दिवस केलं नाही. ही धूळ एकदा छातीत बसली की ती काही उठत नाही, माणूसच जगातून उठतो, हे त्यानं शेजारच्या दोघांचं पाहिलं होतं. सोबतचे त्याला मास्कबुवा म्हणत. "वहिनींनी लग्नात तुझं तोंड तरी पाहिलं होतं का रे?" असंही विचारत. यंदाच्या तपासणीत अख्ख्या शेडमध्ये त्याची एकट्याचीच छाती स्वच्छ निघाली, तेव्हा मात्र त्याच सगळ्यांसमोर कारखान्यानं त्याला बक्षीस दिलं.

बक्षिसाचा कप घेऊन तो घरी आला. बायकोनं कप फळीवर ठेवला आणि रोजच्यासारखे त्याचे कामाचे कपडे मागच्या दारी नेले. तसेच भिजवले तर मोरी तुंबायची, म्हणून ती ते आधी कोरडेच खसाखसा झटकून घ्यायची.

"रोज अर्धा कारखाना घरी घेऊन येता तुम्ही!" ती खोकत खोकत म्हणाली.

"आधी तुझा हा खोकला दाखवू. तीन महिने झाले."

"अहो, हवा बदलली की होतो. एवढं काय त्यात!"

तरी दुसऱ्या दिवशी त्यानं तिला नेलंच. डॉक्टरांनी तिच्या छातीचा एक्स-रे उजेडासमोर धरला, बराच वेळ धरून ठेवला, आणि मग त्याच्याकडे न बघता तिलाच विचारलं,



"बाई, ब्लास्टिंगच्या कामावर तुम्ही किती वर्षं आहात?"