धारेवरचं पाणी

हणमंता पहाऱ्यावरच थंडीनं गेला. त्याला उचलायला जोडीदारानं हात घातला, तर सुभेदार म्हणाले, "थांब. डोंगराची धार हीच आपली हद्द. तिथलं पाणी पलीकडं उतरत असेल, तर तो पलीकडं पडलाय. मग वरनं हुकूम येईस्तोवर हात लावायचा नाही."

"साहेब, गावाकडं बांधावरनं डोकी फुटतात आमची. पण मढं कुणी अडवत नाही."

जोडीदारानं कोटाच्या आतली पाण्याची बाटली काढली आणि हणमंताच्या बुटापाशी उपडी केली.

"कुठं गेलं पाणी?"

"कुठंच नाही, साहेब. गोठलं."

सुभेदारांनी बुटाचं टोक त्या बर्फावर घासून पाहिलं. "मग उचल."

त्यानं हणमंताच्या काखेत हात घातले. पकड नीट बसलीय का, हे त्याला बधिरलेल्या हातांकडं बघूनच कळलं.